चक्री जिना, तिसरा मजला, लिफ्ट नाही: जुन्या ल्योंमधलं एक संरक्षित घर

आधी गुडघ्यांचं बोलते. जिने चढणं जमत नसेल तर या घराच्या वाटेला जाऊ नका. लिफ्ट नाही आणि पुढेही येणार नाही, कारण लिफ्टला जागा करायची तर जो जिना बघायला लोक वाकडी वाट करून येतात तोच फोडावा लागेल, आणि ते फ्रान्सचं सरकार होऊ देणार नाही. बुकिंगच्या पानावर ही गोष्ट अगदी खाली, 'सोयी' या सदरात, वायफाय आणि इस्त्रीच्या मधे एका ओळीत उरकली आहे. म्हणून मी ती सगळ्यात वर लिहिते.

बाकीच्यांसाठी पाचपैकी चार तारे. कापलेला तारा जिन्याचा नाही. तो कशाचा ते पुढे येईलच.

घर ल्योंमध्ये आहे, फूर्व्हिएरची टेकडी आणि सोन नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, सँ-झाँ भागात. बांधकाम 16व्या शतकातलं. त्यातला तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याने मिळतो. ऑक्टोबरात आम्हाला रात्रीचे 145 युरो पडले, साफसफाईचे 60 वेगळे, आणि वर माणशी पर्यटन कर. मी निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनीअर. सोफ्याचा रंग, उशांची संख्या, स्वागताला ठेवलेली चॉकलेटं याबद्दल माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. तुळईची टोकं भिंतीत कशी बसवली आहेत हे मात्र विचारलंत तर सविस्तर सांगेन, आणि न विचारता सांगणारच आहे.

रस्त्यावरून या घरात काही विशेष दिसत नाही. गेरूच्या जवळपास जाणारा रंग, अरुंद दर्शनी भिंत, खाली दुकान, बाजूला जाडजूड लाकडी दार. दाराशेजारी आकड्यांची पाटी असते, कोड दाबला की खट्ट आवाज होतो आणि दार ढकलायला दोन्ही हात लागतात. आत अंधारी, कमानी छताची बोळ. इथे कचऱ्याचे डबे, टपालपेट्या आणि कुणाची तरी सायकल. नवऱ्याचा चेहरा इथेच पडला. मग दहा-बारा पावलांनी बोळ संपते आणि तुम्ही चौकात येता.

या चौकासाठी पैसे मोजायचे. तिन्ही बाजूंनी मजल्यावर मजला, एका कोपऱ्यात जिन्याचा बुरूज, समोर एकावर एक अशा कमानींचे सज्जे, पुढची इमारत मागच्या इमारतीला जोडणारे. खाली भिंतीत विहिरीचा कोनाडा. दगड पिवळसर, मधाच्या रंगाकडे झुकणारा. हा कूझोंचा चुनखडक, शहराच्या उत्तरेच्या मों-दोर टेकड्यांतून नदीमार्गे आणलेला. चौक मोठा नाही, पण वर बघितलं की आकाशाचा जो चौकोन दिसतो त्याने मान दुखेपर्यंत आपण उभेच राहतो. घर असं खोल-खोल का गेलं, याचं उत्तर नकाशात आहे. टेकडी सरकत नाही, नदी सरकत नाही, मधे जागा बोटभर. रस्त्याला लागून तोंड मिळेल तेवढं घ्यायचं आणि मागे वाढत जायचं: पुढची इमारत, चौक, मागची इमारत. मग उजेड आणि वारा आणायचा तो चौकातूनच.

आणि वाढण्याइतका पैसा इथे होता. 1463 मध्ये अकराव्या लुईने ल्योंच्या जत्रा वर्षाला चार केल्या, त्यामागून इटलीतले सराफ आणि व्यापारी आले, आणि 1536 मध्ये पहिल्या फ्राँस्वाने इथे रेशीम विणण्याला राजाश्रय दिला. हे सज्जे, हे बुरूज त्याच शे-दीडशे वर्षांतले. घराचा पहिला मालक कापडाचा व्यापारी होता असं मालकीणबाई सांगतात. असेलही. खालच्या दुकानाची कमान माल बाहेर मांडायला सोयीची आहे खरी.

आता जिना. बुरुजातला चक्री जिना असला की लोक फोटो काढून मोकळे होतात. तुम्ही जरा खाली बसून पायरी बघा. प्रत्येक पायरी एकाच दगडाची आहे आणि मधल्या खांबाचा तेवढा तुकडा त्याच दगडात घडवलेला आहे. म्हणजे वेगळा खांब असा नाहीच. पायऱ्या एकावर एक रचत गेले की खांब आपोआप उभा राहतो, आणि पायरीचं दुसरं टोक बुरुजाच्या भिंतीत. ना तुळई, ना सळई. चारशेहून जास्त वर्षं माणसं, पाण्याच्या घागरी, लाकडाच्या मोळ्या, कापडाचे गठ्ठे यावरून गेले आणि दगड झिजला तो फक्त भिंतीकडच्या रुंद बाजूला, जिथे पाऊल पडतं तिथे. तिथे आता उथळ वाटीसारखा खळगा आहे. पावसाळी दिवशी बुटांच्या ओल्या तळव्यांनी तो निसरडा होतो. उतरताना भिंतीकडचा दोर धरा. दोर नव्याने लावलेला आहे, पकड चांगली आहे.

दिव्याला टायमर आहे. बटण दाबलं की उजेड, आणि तिसऱ्या मजल्याच्या जरा अलीकडे, बॅग हातात असताना, गडप. मधल्या वळणावर दुसरं बटण आहे, ते अंधारात मिणमिणतं. पहिल्याच चढाईत ते दाबून ठेवा. मोठी चाकाची बॅग वर न्यायच्या भानगडीत पडू नका. पायरीची आतली बाजू निमुळती, बॅगेची चाकं तिथे टेकतच नाहीत, आणि पठ्ठ्या जिना असा वळतो की मागच्या माणसाला पुढच्याच्या फक्त टाचा दिसतात. पाठीवरची सॅक उत्तम. मी मालकीणबाईंना विचारलं, मग हे कपाट वर कसं आलं? त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. इथे सामान हलवणारे शिडीसारखी यांत्रिक लिफ्ट रस्त्यावर लावतात आणि फर्निचर खिडकीतून आत घेतात. तसं करायलाही रस्ता अडवायची परवानगी काढावी लागते.

आत गेल्यावर पहिली नजर वर जाते. कडीपाट आहे, उघडा. जाड तुळया, त्यावर जवळजवळ बसवलेल्या कड्या, त्यावर फळ्या. एका तुळईच्या टोकाशी लाकूड बदललेलं दिसतं. कुजलेला भाग कापून नवा तुकडा खाच पाडून जोडला आहे, रंगाने लपवलेला नाही. मला हे फार आवडलं. दुरुस्ती केली असेल तर ती दिसावी, आणि जुनं जेवढं ठेवता येईल तेवढं ठेवावं, ही शिस्त आहे यात. ज्याने काम केलं त्याचा हात चांगला आहे. मी खुर्चीवर चढून सांधा तपासत होते तेव्हा हे म्हणाले, "अगं, आपण राहायला आलोय ना?"

फरशी उतरती आहे. अंदाजाने नाही, लिंबू ठेवून पाहिलं, ते खिडकीकडून चुलाण्याकडे गेलं. घाबरायचं कारण नाही. एवढ्या लांबीच्या लाकडी तुळया शतकानुशतकं भार घेत मधे झुकतात, आणि झुकून स्थिरावतात. नवी भेग कुठे दिसली नाही, चालताना खिडकीचं तावदान थरथरत नाही. फक्त पलंगाच्या एका बाजूच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातलेत ते काढू नका. दगडी चुलाण देखणं आहे पण बंद आहे, त्यात आता पुस्तकं आणि एक वायफायचं खोकं.

न्हाणीघर म्हणजे या घराचं खरं कौशल्य, आणि तक्रारीची जागाही. जुन्या घरात संडासाचा जाड पाइप हवा तिथून खाली न्यायचा तर कडीपाट फोडावा लागतो. तो फोडायचा नाही. मग कमोडच्या मागे एक पांढरा डबा असतो, त्यात पाती असलेला पंप. तो सगळं दळून बारीक पाइपातून दूरच्या नळीपर्यंत ढकलतो. तांत्रिकदृष्ट्या माझं पूर्ण समर्थन. पण रात्री दोन वाजता कुणी उठलं तर मिक्सर लावल्याचा आवाज घरभर, आणि बहुधा खालच्या मजल्यावरही. कागदाशिवाय दुसरं काहीही त्यात टाकू नका. तशी सूचना भिंतीवर तीन भाषांत लावलेली आहे आणि ती गंभीरपणे घ्या. गरम पाण्याची टाकी लहान आहे. पहिल्याची अंघोळ ऐसपैस झाली तर दुसऱ्याने थोडा दम धरावा.

स्वयंपाकघरात गॅस नाही, विजेची दोन शेगड्यांची पाटी आहे. भांडी पुरेशी, सुरी बोथट. हे सांगायचं कारण असं की तुम्ही शाकाहारी असाल तर ही शेगडी तुम्हाला लागणारच. सँ-झाँमधल्या 'बूशों' म्हणवणाऱ्या खानावळींत डुकराचे नाना प्रकार, आतड्यांचे पदार्थ, माशाच्या लगद्याचं क्नेल. ह्यांच्यासाठी औषधी पानं घातलेलं ताजं चीज, उकडलेले बटाटे आणि गुलाबी प्रालिनचा, म्हणजे साखरेत घोळलेल्या बदामांचा, टार्ट एवढंच उरलं. टार्ट दोनदा घेतला, त्याची तक्रार नाही. भाजीसाठी न्यायालयाच्या चोवीस खांबांसमोरच्या लाल पादचारी पुलावरून नदी ओलांडा. पलीकडे सँ-आंत्वान घाटावर सकाळचा बाजार भरतो. सोमवारी नसतो.

आता मुद्द्याचं: 'संरक्षित' म्हणजे काय, आणि त्याने पाहुण्याला काय फरक पडतो?

ऐतिहासिक वास्तूंबद्दलचा फ्रान्सचा मूळ कायदा 1913 चा. त्यात दोन पायऱ्या आहेत: वरची 'क्लासे', खालची 'आँस्क्री'. मालकीणबाईंनी दाखवलेल्या कागदांनुसार या घराचा जिना, सज्जे आणि चौकाकडच्या भिंती 'आँस्क्री' आहेत. पण गोष्ट तिथे संपत नाही. हा अख्खा भागच संरक्षित आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ल्योंचे महापौर लुई प्रादेल यांना जुन्या वस्तीतून मोटारींचा मोठा रस्ता काढायचा होता. वस्ती तेव्हा पार खंगलेली. ओल, अंधार, दाटी. पाडण्यासाठी कारण शोधायला लांब जायला नको. 1946 पासून काम करणारी 'रेनेसाँस द्यु व्ह्यू ल्यों' ही रहिवाशांची संस्था आणि त्यातले रेझिस नेरे यांच्यासारखे लोक आडवे पडले. सांस्कृतिक मंत्री होते आंद्रे मालरो. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा 1962 चा कायदा असा की एकेक इमारत सुटी न वाचवता पूर्ण वस्तीच संरक्षित करता येते. 1964 मध्ये या कायद्याखाली फ्रान्सभरातलं पहिलं संरक्षित क्षेत्र झालं ते हेच, जुनं ल्यों. 1998 मध्ये युनेस्कोचा शिक्का बसला तो खूप नंतर.

अशा क्षेत्राचा जो आराखडा असतो तो दारापाशी थांबत नाही. आतले जिने, चुलाणी, छतं, फरश्या यांनाही हात लावायचा तर विचारावं लागतं. विचारायचं नगरपालिकेला, पण होकार लागतो तो 'आर्किटेक्त दे बातिमाँ द फ्राँस' या सरकारी वास्तुविशारदाचा. त्याने नाही म्हटलं तर नगरपालिका परवानगी देऊ शकत नाही. खिडकीच्या लाकडाची जाडी, काचेचे भाग किती, भिंतीचा रंग, गिलाव्यात काय मिसळायचं, सगळं.

गिलाव्याचं सांगते, कारण ते मला डोळ्यांनी दिसलं. बोळीत जमिनीलगत कुणीतरी कधीकाळी सिमेंटचा गिलावा मारला आहे. तिथे फुगवटे आलेत, पोपडे सुटलेत, लोणा लागला आहे. त्याच भिंतीवर वरचा भाग चुन्याचा आहे, तो ठणठणीत. दगडी भिंत जमिनीतून ओल ओढते, ती ओल बाहेर पडायला वाट लागते. चुना ती वाट देतो, सिमेंट कोंडतं. मग पाणी दुसरीकडून, दगड फोडत निघतं. म्हणून सरकारी वास्तुविशारद चुन्याचा आग्रह धरतात. त्यात हौस कमी आणि व्यवहार जास्त आहे, हे ज्यांना पटत नाही त्यांनी ही बोळ बघावी. हे तोवर चौकात उभे राहून किल्ली वाजवत होते, ते वेगळं.

एसी नाही. बाहेरची पेटी चौकाकडच्या भिंतीवर टांगायला कोण परवानगी देईल? ऑक्टोबरात प्रश्न आला नाही. भिंती हातभर जाड आहेत, त्या दिवसाचा ताप आत यायला वेळ लावतात, पण ल्योंचा जुलै कडक असतो आणि उष्णतेची लाट आठवडाभर टिकली तर जाड भिंतीही शेवटी तापतात आणि मग रात्रभर ती उष्णता परत देत बसतात. उन्हाळ्यात जाणार असाल तर मागच्या इमारतीतला खालचा मजला मिळतो का ते विचारा. हिवाळ्यात विजेचे हीटर आहेत, दोन. दगडाचं घर हीटरने तापायला अर्धा दिवस घेतं, हे लक्षात ठेवून आल्याआल्या लावा.

तर तो कापलेला तारा. तो आवाजाचा, आणि आवाजाबद्दल पानावर जे लिहिलेलं नाही त्याचा.

झोपायची खोली रस्त्याच्या बाजूला आहे. खिडकी सुंदर आहे. दगडी उभा-आडवा दांडा घातलेली जुन्या धाटणीची, आत लाकडी चौकटीत बारीक काचा, बंद करायला वरपासून खालपर्यंत जाणारा लोखंडी दांडा. अशा दगडी दांड्या पुढच्या शतकांत उजेड वाढवायला अनेक घरांनी काढून टाकल्या, डागडुजीत त्या परत बसवतात. इथलीही परत बसवलेली असावी, दगड ताजा दिसतो. पण काच एकेरी. खाली पादचाऱ्यांचा फरसबंदी रस्ता, दोन्ही अंगांना खानावळी. रात्री उशिरापर्यंत खुर्च्या ओढल्याचा आवाज, मग खुर्च्या रचल्याचा, मग बाटल्या डब्यात रिकाम्या केल्याचा. पहाटे लवकर निघणाऱ्यांच्या बॅगांची चाकं दगडांवर. या सगळ्यात सँ-झाँ कॅथेड्रलच्या घंटा मला गोडच वाटल्या, निदान त्यांचं वेळापत्रक तरी असतं. पानावर लिहिलंय 'शहराच्या काळजात, तरीही निवांत'. काळजात खरंच आहे. आणि फोटो असे रुंद भिंगाने काढलेत की झोपायच्या खोलीत पलंगाभोवती फेर धरता येईल असं वाटतं. प्रत्यक्षात एका बाजूने आडवं चालावं लागतं.

दिवसाचा आवाज वेगळा, आणि त्याला मी तक्रार म्हणणार नाही. चौकातून पुढे बोळ मागच्या इमारतीखालून पलीकडच्या रस्त्यावर निघते. म्हणजे हे घर 'त्राबूल' आहे, घरांच्या पोटातून जाणारी आरपार वाट. अशा वाटा ज्या घरांत आहेत त्यांच्यातल्या काहींचा शहराशी करार असतो: दिवसा दार उघडं ठेवायचं, बदल्यात दिवे, साफसफाई आणि डागडुजीत शहर हातभार लावतं. त्यामुळे सकाळी दहापासून चौकात माना वर केलेले लोक उभे असतात. भिंतीवर आवाज न करण्याची पाटी आहे. बहुतेक जण पाळतात. शाळेची सहल पाळत नाही. सज्जातून दोरीवर टॉवेल वाळत घालताना खालून कुणीतरी तुमचा फोटो काढतं, याची सवय करून घ्या. शेजारच्या आजी कुणी दिसलं की आधी 'बोंझूर' म्हणतात आणि उत्तर येईपर्यंत वाट सोडत नाहीत. पाहुण्यांनाही सूट नाही.

आसपासचं थोडक्यात. सगळ्यात लांब त्राबूल 54, र्यु सँ-झाँपासून 27, र्यु द्यु बफपर्यंत जाते, एकामागून एक चौक ओलांडत. पण वेळ एकाच गोष्टीला असेल तर 8, र्यु झुइव्हरी बघा. ओतेल ब्युलियूच्या चौकात फिलिबेर द लॉर्म या वास्तुविशारदाने 1536 मध्ये, रोमहून परतल्यावर, एक सज्जा बांधला. चौक लहान, त्यात विहीर, खाली जागा अडवायची नाही, आणि दोन्ही बाजूच्या इमारती जोडायच्या. त्याने दोन कोपऱ्यांत दगडी शंखाकार कमानी भिंतीतून बाहेर काढल्या आणि सज्जाचे दोन्ही बुरूज त्यावर तोलले. खाली खांब नाही. त्या कमानीचा प्रत्येक दगड वेगळ्या आकारात तासावा लागतो, आणि तो आकार आधी कागदावर सोडवावा लागतो. मी तिथे बराच वेळ होते. प्रवेश फुकट आहे आणि बाहेर साधी पाटीसुद्धा धड नाही.

गादान्य वाड्यातलं संग्रहालयही जवळच. फ्लोरेन्सहून आलेल्या सराफ घराण्याचं हे घर, आता त्यात शहराच्या इतिहासाचं आणि कठपुतळ्यांचं अशी दोन संग्रहालयं. तिथे लिफ्ट आहे. सार्वजनिक इमारतीला ती बसवायची परवानगी कशी मिळवतात हे बघायचं असेल तर तिकीट वसूल. दहाएक वर्षं काम चाललं होतं, 2009 मध्ये पुन्हा उघडलं.

पोचायचं कसं: पार-द्यू स्थानकावरून मेट्रोची बी लाइन, साक्स-गाँबेताला बदलून डी, आणि व्ह्यू ल्यों स्टेशन. तिथूनच फूर्व्हिएरवर जाणारी दोरीची रेल्वे निघते, तिकीट तेच. टॅक्सीने आलात तर ती नदीकाठी सोडेल, आत येत नाही. 8 डिसेंबरच्या आसपासचे दिव्यांच्या उत्सवाचे दिवस टाळा, किंवा मग वर्षभर आधी बुक करा. त्या चार रात्रींचे दर मी पाहिले आणि पान बंद केलं.

मालकीणबाई स्वतः मागच्या इमारतीत राहतात. फोन उचलतात, इंग्रजी बोलतात, आणि घराबद्दल विचारलंत तर तासभर बसतात. जाहिरातीत नोंदणी क्रमांक ठळक दिलेला आहे. फ्रान्समध्ये पर्यटकांना भाड्याने देणाऱ्या फ्लॅटचा तो लागतो, नसेल तर तिथे राहू नका. साफसफाईचे 60 युरो मला जास्त वाटले, पण ती बाई बादल्या घेऊन तोच जिना चढते हे पाहिल्यावर मी गप्प बसले. अनामत परत आली, पूर्ण.

खिडकीबद्दल मी त्यांना सरळच विचारलं. दुहेरी काच घालायला एवढा काळ का? त्या म्हणाल्या, जुनी चौकट काढून जाड चौकट बसवायचा अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. कारण बाहेरून काचांची नक्षी बदलली असती. आता दुसरा अर्ज दिला आहे: जुनी खिडकी तशीच, आणि तिच्या आतल्या बाजूला, भिंतीच्या जाडीत, दुसरी पातळ चौकट. बाहेरून काहीच दिसणार नाही, दोन खिडक्यांमधल्या हवेने आवाज बराच मरतो, आणि उद्या नको झाली तर भिंतीला इजा न करता काढता येते. मला हा मार्ग पहिल्यापेक्षा चांगला वाटतो, आवाजासाठीसुद्धा, कारण दोन काचांत जितकं अंतर जास्त तितका फायदा. मी त्यांना चौकटीच्या कडेला ओलीसाठी फट ठेवायला सांगून आले. निर्णय अजून यायचा आहे. तो आला आणि खिडकी बसली की त्या जाहिरातीत लिहिणार आहेत. बुक करण्याआधी ती ओळ शोधा. नसेल तर संदेश पाठवून बाहेरच्या खोलीतला सोफा-पलंग उघडून ठेवायला सांगा. ती खोली चौकाकडे आहे आणि रात्री तिथे फक्त तो पंप ऐकू येतो.